पाहुण्याचा प्रश्न

शिवा, तुला बसवलं तेव्हा मी अगदी समोर होतो. आमच्यात माणूस आडवा जातो, तुम्हा लिंगायतांत बसून. हे लहानपणापासून ठाऊक होतं. तरी तुला तसं मांडी घालून, कपाळभर विभूती, डोक्यावर बेल, खड्ड्यात बसलेलं पाहिलं आणि रडू आलंच नाही. वाटलं, आता हा मान वर करून विचारणार, "हं, बोल. काय म्हणतोय पाहुणा?" शिरूर अनंतपाळला तुझ्या धाकट्या भावाच्या किराणा दुकानात, गादीच्या कडेला, दर रविवारी तू असाच बसायचास. पाठ ताठ, डावा हात मांडीवर. त्या दिवशी त्या हातात इष्टलिंग होतं, एरवी चहाचा कप असायचा.

मूठ मूठ माती टाकायला सगळे पुढे सरकत होते. माझ्या मागे दोन बायका हळू आवाजात बोलत होत्या. एक म्हणाली, "लई चांगला माणूस व्हता. आमच्या लेकीचं त्यांनीच निस्तारलं." दुसरी म्हणाली, "व्हता की. पर दोस्ताचं काम पडलं तवा दोस्ताच्या बहिणीचा हिस्सा सोडवून घेतलाच न्हवं? आमाला सांगायचे, सही करू नगा बायांनो. नि तिथं..." पहिलीनं तिला कोपरानं ढोसलं असावं, कारण मी मागं वळलो होतो.

तो दोस्त मी. माझ्या मुठीत तुझ्यावर टाकायची माती होती आणि तुझ्यावर टाकलेला हा डागही माझाच होता.

तू नेहमी म्हणायचास, तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहून दे. म्हणून लिहून देतो आहे. ज्यांनी ज्यांनी ते ऐकलं त्या सगळ्यांच्या दारात जायला आता माझे गुडघे साथ देत नाहीत. पेपरात छापलं की पेपर जाईल.

आपण एका गावचे, एका बाकावरचे. तू लातूरच्या कोर्टात वकील झालास, मी नांदेडला रेल्वेच्या कचेरीत कारकून. तेव्हापासून तू माझं नावच टाकून दिलंस. "ये रेल्वे, लेट आलास." मी वेळेत आलो तरी लेटच. आणि खरं सांगू का, कोर्टात तू फार चमकला नाहीस. तुझा आवाज बारीक, इंग्रजी अडखळत, आणि समोरच्या वकिलाचा मुद्दा बरोबर असला की मान डोलवायची तुझी खोड. अशील घाबरायचा, की आपला वकील त्यांना कसा काय फितूर झाला. पण रविवारी त्या गादीच्या कडेला बसलास की तुझ्यासारखा वकील अख्ख्या जिल्ह्यात नव्हता. हे मी दोस्त म्हणून लिहीत नाही. नोकरीत असताना सुट्टीला आणि निवृत्त झाल्यावर तर कितीतरी रविवार मी नांदेडहून एसटीनं येऊन तिथं तेलाच्या डब्यावर बसून काढले. पाहिलं ते लिहितो.

आपल्याकडे कोणी स्वतःचा प्रश्न घेऊन वकिलाकडे येत नाही. कोर्टाचं तोंड पाहिलं असं कोणाला कळलं तर लाज. म्हणून जो येईल तो म्हणणार, "वकीलअप्पा, आमच्या एका पाहुण्याचं विचारायचं हाय." सोयऱ्याचं, भावकीतल्या कोणाचं. शेजाऱ्याचा बांध कोरला तो पाहुण्यानं. पोराच्या लग्नाचं वय दोन महिन्यांनी कमी आहे, पाहुण्याच्या. बापानं मरताना कागदावर अंगठा दिला की नाही याची शंका आहे, तीही पाहुण्यालाच. साऱ्या तालुक्यात हे एकच गृहस्थ अडचणीत होते, बाकी सगळे सुखात. तू कधी कोणाला उघडं पाडलं नाहीस. पाहुणा म्हटलं की पाहुणा. फक्त उत्तर असं द्यायचास की ते बरोबर जागी जाऊन बसायचं.

तो बैलवाला आठवतो? देवणीच्या बाजारातून बैल घेतलेला.

"अप्पा, आमच्या एका पाहुण्यानं बैल घेतला. मारका निघाला. परत करता येतोय का?"

"विकणारा काय म्हणला होता?"

"गरीब हाय म्हणला. लेकरानं कासरा धरला तरी चालतंय म्हणला."

"हे कोण कोण ऐकलं?"

गडी विचारात पडला. "पाहुण्यानं ऐकलं. नि बैलानं."

"पाहुण्याचा तर दावाच हाय. मग साक्षीला बैल आणतोस का?"

दुकानातले सगळे हसले, गडीही हसला. मग तू कप खाली ठेवलास. "मधी दलाल होता न्हवं? त्याच्यासमोर बोलणं झालं असंल तर त्याला घेऊन आजच विकणाऱ्याच्या दारात जा. चार लोकांत सांग, तू गरीब म्हणून विकलास. महिनाभर बैल कामाला जुपलास नि मग मारका म्हणलास तर कोण ऐकणार न्हाई. आणि पाहुण्याला सांग, मांडीला हळद लाव. मघापासून लंगडून राहिलाय."

बाई आली की मात्र तुझी थट्टा बंद. बायका "पाहुणीचं" विचारायच्या. तिला नवऱ्यानं घराबाहेर काढलंय, तिचं सोनं सासूकडं आहे, लेकराच्या दाखल्यावर नाव कोणाचं लावायचं. अशी कोणी पायरीवर घुटमळताना दिसली की तू भावाला म्हणायचास, "गोदामातली साखर बघून ये." नि मला, "रेल्वे, जा जरा. गाडी आली का बघ." त्या बाजारगल्लीत कुठली आलीय रेल्वे? पहिल्या वेळी मी खुळ्यासारखं विचारलं, "कुठली गाडी?" तू म्हणालास, "येईल तवा कळंल." मग मला समजलं. मी उठायचो, गल्लीच्या तोंडाशी लिंबाखाली जाऊन उभा राहायचो. तिथून तू दिसायचास, ऐकू यायचं नाही. तुझी मान खाली असायची आणि बाई बोलत असायची. तू एकदाही मध्ये बोलताना मला दिसला नाहीस. ती पदरानं डोळे पुसून उतरून गेली की तू हात करायचास. "ये. गेली गाडी."

ती काय बोलली हे मी कधी विचारलं तर तू म्हणायचास, "चहा गोड झालाय आज."

आणखी एक सांगायला हवं, कारण ते मला सगळ्यात जास्त टोचतं. एका रविवारी तू एका माणसाला अपिलाची मुदत चुकीची सांगितलीस. तलाठ्यानं घातलेल्या फेरफाराविरुद्ध त्याला वर जायचं होतं, आणि मुदत आहे त्यापेक्षा जास्त आहे असं तू सांगून बसलास. लातूरला जाऊन पुस्तक उघडलंस तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी कोर्ट टाकून तू एसटीनं आलास, फाट्यावर उतरलास आणि उन्हात चालत त्याच्या शेतात गेलास. मी त्या दिवशी गावातच होतो, म्हणून तुझ्याबरोबर आलो. तो बिचारा तुला बांधावर बघून घाबरला.

तू म्हणालास, "काल मी सांगितलं ते चुकलं."

तो म्हणाला, "असूद्या की अप्पा, येवढं काय."

"असूद्या कसं? मुदत जाईल. चल, कागद काढ."

परत येताना मी म्हणालो, माणूस पाठवला असता, निरोप दिला असता. तू म्हणालास, "चूक मी सांगितली नि दुरुस्ती दुसऱ्यानं सांगावी? त्याला कसं कळावं की ह्यातलं खरं कुठलं?" त्या वेळी माझ्या पोटात माझी गोष्ट होती, आणि ती होती हे तुला माहीत होतं.

आता ती गोष्ट.

माझे वडील गेले तेव्हा सातबाऱ्यावर वारस म्हणून दोन नावं लागली. माझं आणि माझ्या धाकट्या बहिणीचं, मथुराचं. आम्ही दोघंच. मथुरा मुखेडकडे दिलेली. आपल्याकडचा रिवाज सगळ्यांना ठाऊक आहे. बाप गेला की वर्षाच्या आत भाऊ बहिणीला बोलावून घेतो, बहीण हक्कसोड करून देते, भाऊ तिला चोळी-बांगडी करतो, जेवण होतं आणि माहेर चालू राहतं. जी सही करत नाही तिचं माहेर बंद. कोणी दार लावून घेत नाही, पण पंचमीला बोलावणं येत नाही. मला अडचण कसलीच नव्हती, शिवा. नोकरी होती, घर होतं. उद्या मथुराच्या घरचे आपल्या रानात नांगर घालतील, एवढीच एक भीती. भीती तरी कशाला म्हणू, हाव होती.

मी तुझ्याकडे आलो. आणि तुझा लहानपणचा दोस्त असूनही, मला आजही लाज वाटते, मी म्हणालो, "शिवा, आमच्या एका पाहुण्याचं विचारायचं हाय."

तू माझ्याकडे क्षणभर पाहिलंस. नंतर नेहमीसारखी मान खाली घातलीस. "बोल."

"बहिणीची सही घ्यायची हाय त्याला. हक्कसोड. कसं करावं म्हणतोय."

तुझं उत्तर मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. "पाहुण्याला म्हणावं, बहिणीला समोर बसव. एक सांग, की अर्धा हिस्सा तिचा हाय. दुसरं सांग, की तिनं सही न्हाई केली तरी माहेर हाय तसं ऱ्हाईल. हे दोन्ही सांगून झाल्यावर ती राजीखुशीनं सोडते म्हणली तर दोघांनी माझ्याकडं यावं, मी कागद करून देतो. न सांगता घ्यायची असंल तर माझ्याकडं येऊ नगं म्हणावं."

मी म्हणालो, "असं कोण सांगतंय का बहिणीला? कायदा कोर्टात चालतो शिवा, घरात न्हाई."

"घरात चालला असता तर कोर्टात कशाला आले असते लोक?"

आपली वादावादी झाली. मी म्हणालो, तुला बहीण नाही, तुला काय कळतं. ते मी बोलायला नको होतं. तू चहा मागवलास, चहाचे पैसे मी दिले, आणि मी उठलो.

कागद मी दुसरीकडून करून घेतला. मथुरा आली. नोंदणीच्या कचेरीबाहेर बाकावर आम्ही नंबर यायची वाट बघत बसलो होतो. तिच्या हातात पिशवी होती, पिशवीत माझ्या पोरांसाठी आणलेली धपाटी. ती म्हणाली, "दादा, वकीलअप्पाला विचारलंस न्हवं?"

तिचा तुझ्यावर विश्वास होता. आमच्या घरात तुझा शब्द वडिलांच्या शब्दाच्या खालोखाल.

मी म्हणालो, "विचारलं की. त्यांनीच सांगितलंय असं कर म्हणून."

मी विचारलं होतं, हे खरं. तू सांगितलं होतंस, हेही खरं. फक्त जे सांगितलंस ते मी तिला सांगितलं नाही. तिनं पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, आत गेली आणि सही करून आली. जेवण झालं, लुगडं झालं. गावात मी सगळ्यांना तेच सांगितलं. तुझं नाव घेतलं की कोणी पुढं प्रश्न विचारत नव्हतं.

ते फिरत फिरत तुझ्या दुकानात यायला वर्षही लागलं नाही. एक बाई आली, तोंडाळ होती, पायरीवरूनच म्हणाली, "अप्पा, आमाला सही करू नगा म्हणता. नि तुमच्या दोस्ताच्या बहिणीची सही तर तुमीच करून घेतली म्हनं." मी तिथं तेलाच्या डब्यावर बसलो होतो. दुकानात पाच-सहा माणसं. सगळे तुझ्याकडे बघत होते. एक वाक्य बोलला असतास तर तुझं नाव तिथल्या तिथं धुऊन निघालं असतं आणि मला तोंड लपवायला जागा राहिली नसती.

तू म्हणालास, "वर ये बाई. तुझा प्रश्न सांग."

माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस.

संध्याकाळी एसटी स्टँडवर सोडायला आलास तेव्हा म्हणालास, "तो पाहुणा लई बोलका हाय गड्या. मी बोललो न्हाई तेबी सांगून राहिलाय."

मी मान खाली घालून विचारलं, "मग तू बोलला का न्हाईस?"

"विचारायला आला होता तो माझ्याकडं. काय विचारलं, काय सांगितलं, ते माझ्या तोंडातून भाईर यायचं न्हाई. वकील हाय मी. त्या दिवशीचा चहा त्यानंच पाजला न्हवं? ती फी झाली." मग बस लागली तेव्हा खिडकीपाशी येऊन म्हणालास, "मी न्हाई सांगणार. पर त्याला म्हणावं, तू सांग. आणि सोडलेलं परत येत न्हाई, पर दिलेलं येतंय. बक्षीसपत्र करून दे म्हणावं अर्ध्याचं. कोर्ट नगं, दावा नगं. भावानं बहिणीला दिलं, संपलं."

म्हणजे मी विचारलंही नव्हतं त्याचं उत्तर तू देऊन ठेवलंस.

त्यानंतर कितीतरी वर्षं, गणपतीत, दिवाळीत, कोणाच्या लग्नात भेट झाली की निघताना तुझा एकच प्रश्न. "पाहुण्यानं सांगितलं का बहिणीला?" आवाजात राग नाही, टोमणा नाही. तब्येत विचारावी तसं. मी म्हणायचो, "सांगंल." तू म्हणायचास, "बरं." कधीतरी मी चिडून म्हणालो, "मेला तो पाहुणा." तू हसलास. "मग वारस कोण? त्यालाच विचारतो."

आणि तरीही तू मला गादीशेजारी बसू दिलंस. मला हेच कधी उमगलं नाही. ज्याच्यामुळे लोक तुझ्याकडे बोट दाखवत होते त्यालाच तू चहा पाजत होतास. मी एकदा विचारलं, तुला राग येत नाही का माझा? तू विचार करून म्हणालास, "येतो की. पर तू इथं आलास तरच कधीतरी सांगशील. नांदेडला बसून काय सांगणार?"

तुझ्या मुलीच्या लग्नात मथुरा आली होती. तू तिला मांडवाच्या कडेला गाठलंस. मी मागंच उभा होतो. तू एवढंच म्हणालास, "मथुरा, कायद्याचा कुठला प्रश्न पडला तर मला विचार. भावाच्या मार्फत न्हाई. तू ये."

ती म्हणाली, "दादा हाय की अप्पा."

तू "व्हय" म्हणालास आणि पाहुण्यांना वाढायला निघून गेलास. तिच्या बोलण्यातला कोरडेपणा मला तेव्हा कळला नाही. तुला कळला असेल.

तुझ्या मातीला मथुरा आली नाही. मी फोन केला होता. म्हणाली, बघते. मला वाटलं, वय झालं, एसटीचा प्रवास, नसेल जमलं.

तुला पोहोचवून आल्यावर आठवडाभरानं मी मुखेडला गेलो. मथुरा ओसरीवर सुपात तूर निवडत बसली होती. मी समोर बसलो. तिनं पाणी दिलं, मी प्यालो. नंतर म्हणालो, "मथुरे, आमच्या एका पाहुण्याचं..." आणि तिथंच थांबलो. सवय जात नाही बघ. पुन्हा सुरुवात केली. "माझं सांगायचं हाय. पाहुण्याचं न्हाई, माझं."

सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. खडे एका बाजूला, तूर एका बाजूला. माझं संपल्यावर म्हणाली, "अप्पा काय बोलले होते, त्यांच्या शब्दात सांग."

मी सांगितलं. बहिणीला समोर बसव. अर्धा हिस्सा तिचा. सही न्हाई केली तरी माहेर हाय तसं ऱ्हाईल.

तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं.

"माझा तुझ्यावर राग नव्हता दादा," ती म्हणाली. "भाऊ तसंच करतात. सगळ्यांचे करतात. मला राग होता तो अप्पांचा. सगळ्या जगाला सांगणारा माणूस, नि माझ्या येळंला तुझ्याकडून बोलला. लग्नात मला म्हणले, तू ये, मला विचार. मी म्हणलं, आता कशाला विचारू? तोंड फिरवून आले मी." पदराचं टोक तिनं दातात धरलं, मग सोडलं. "मातीला मी मुद्दामच आले न्हाई. एसटी होती. तयार होऊन बसले होते, नि गेले न्हाई."

मला वाटत होतं, मी जमीन घेतली. जमिनीचं काय, ती तिथंच आहे. मी तिच्याकडून तुला काढून घेतलं होतं, शिवा, आणि तुझ्याकडून तिला. याचं बक्षीसपत्र होत नाही.

मी माफी मागितली. तिनं माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण ती तसं म्हणाली नाही. बराच वेळ ती सूप पुढं-मागं हलवत राहिली. नंतर माझ्याकडे न बघता म्हणाली, "आमच्या एका पाहुणीचा प्रश्न हाय."

मी मान खाली घातली. "बोल."

"सोडलेला हिस्सा परत येतोय का?"

मी वकील नाही. पण ह्या एका प्रश्नाचं उत्तर तू मला बसच्या खिडकीतून शिकवून ठेवलं होतंस. "सोडलेलं परत येत न्हाई," मी म्हणालो. "दिलेलं येतंय. भाऊ देऊ शकतो."

"तर मग भावाला म्हणावं, दे."

परवा नोंदणी झाली. माझा मुलगा आधी काही दिवस माझ्याशी बोलत नव्हता. नोंदणीच्या दिवशी सकाळी त्यानंच गाडी काढली. तोच बाहेरचा बाक होता, की तसाच दुसरा, मला सांगता येणार नाही. ह्या वेळी सही माझी होती. आत जाताना मथुरानं मला थांबवलं. "दादा, राजीखुशीनं न्हवं?" आणि गालात हसली. किती वर्षांनी तिला तसं हसताना पाहिलं. हा कागद तू केला असतास तर चार ओळींत संपवला असतास. तुझ्या मुलीनं केला. तीही आता लातूरला तुझ्याच खोलीत बसते. तिनं लांबवला आहे, पण बरोबर आहे. फी विचारली तर म्हणाली, "काका, बाबांनी सांगून ठेवलंय. पाहुणा येईल, त्याच्याकडून फी घेऊ नको, आधीच दिलीय."

तिलाही सांगून ठेवलं होतंस तर. पाहुणा येणार म्हणून. तो कोण ते मात्र नाही सांगितलंस. ती माझ्याकडे बघून कोड्यात पडली होती. मीच सांगितलं, तो पाहुणा म्हणजे मी.

हा लेख छापायच्या आधी मी मथुराला वाचून दाखवला. मी तिचं नाव घातलं नव्हतं, "एक नातलग स्त्री" असं लिहिलं होतं. ती म्हणाली, "नाव घाल. मी पाहुणी न्हाई." म्हणून घातलं आहे.

नोंदणी झाल्यावर ती म्हणाली, मला अप्पांकडं घेऊन चल. आम्ही गावी आलो. तुझ्यावरची माती अजून बसलेली नाही, बेलाची पानं वाळून करकरीत झाली आहेत, तुझ्या भावानं भोवतीनं विटा लावल्या आहेत. मथुरा चपला काढून समोर बसली. मांडी घालून, पाठ ताठ. तुझं तोंड ज्या बाजूला आहे त्याच बाजूला, बरोबर समोर. ती कोणाला विचारून तिथं बसली नाही, पण बरोबर बसली.

मी तिच्याशेजारी बसायला वाकलो. ती म्हणाली, "दादा, तू जरा लांब जा. मला अप्पांना विचारायचंय."

मी उठलो. बांधापर्यंत गेलो, तिथं लिंब आहे, त्याच्याखाली उभा राहिलो. तिथून ती दिसत होती, ऐकू येत नव्हतं. तिची मान खाली होती आणि ती बोलत होती, बराच वेळ. मी पाठ फिरवली, रस्त्याकडे तोंड केलं, आणि गाडी आली का बघत राहिलो.